माझ्या मापाची नऊवारी

मासाहेबांच्या चोळीला मागून चेन लावा, घालायला सोपी पडेल, असा सल्ला आमच्या मंडळातल्या एका शहाण्यानं मला दिला होता. मी त्याला म्हटलं, "मंग मावळ्याच्या अंगरख्याले खिसा बी लावून देऊ काय, मोबाईल ठेवायले?" तेव्हापासून मला कोणी शिवणातलं शिकवायला येत नाही.

आमचं गाव वाशीमकडच्या किन्हीराजाच्या रस्त्यापासून थोडं आत आहे. दर फेब्रुवारीत शिवजयंतीला गावातून मिरवणूक निघते, आणि मावळ्यांपासून मासाहेबांपर्यंत, म्हणजे महाराजांच्या आईपर्यंत, सगळ्यांचे पोशाख माझ्या पायमशीनवर होतात. एरवी मी पोलकी, परकर आणि शाळेचे गणवेश शिवणारी बाई. पण संक्रांत आटोपली की माझ्या अंगात येतं. वाशीमला कापडाच्या दुकानातले शेठजी मला पाहिलं की हसून विचारतात, "आला का तुमचा फेब्रुवारी?" आणि ठाण खाली काढायला लागतात. चिलखतं मी कांद्याच्या जाळीच्या पोत्यांची करते. दोन पदर टाचून वर चंदेरी रंग मारला की थोड्या लांबून लोखंडच वाटतं. अंगरख्याला गुंडी लावू देत नाही, बंदच शिवते, मग बांधताना पोरांनी कितीही कुरकुर केली तरी. मिरवणुकीत मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसलं तर मी रस्त्यात थांबवून काढायला लावते. लोक हसतात. हसू देत.

या सगळ्यात मासाहेबांचा पोशाख माझा जीव की प्राण. घोड्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचं म्हणून नऊवारी शिवून घ्यावी लागते, पण शिवलेली आहे हे कोणाला कळलं नाही पाहिजे, अशी तिची निरी बसवायची. कोपरापर्यंत बाहीची चोळी, खांद्यावरून शेला. हे सगळं मी वर्षानुवर्षं एकाच अंगासाठी शिवलं. ते अंग माझ्या नणंदेचं.

नणंद माझ्याच वयाची. तिच्या नवऱ्यानं दुसरी बाई आणली आणि हिला माहेरी आणून सोडलं, तेव्हापासून ती आमच्या घरात आहे. शेतात माझ्या नवऱ्याच्या बरोबरीनं राबते, घरात माझ्या बरोबरीनं. गावात तिला तोंडावर कोणी काही बोलत नाही, पण हळदीकुंकवाला बोलावताना बायका माझ्याकडे बघून म्हणतात, "या बरं का वहिनी," आणि तिच्याकडे बघून नुसत्या हसतात. तिनं ते कधी मनाला लावून घेतल्याचं दाखवलं नाही. निदान मला तरी दाखवलं नाही.

मंडळानं पहिल्यांदा मासाहेब बसवायचं ठरवलं तेव्हा घोड्यावर बसायला एकही बाई तयार होईना. घोडा वरातीतला, बँड वाजला की नाचणारा. मासाहेबांना घेऊन तो चौकात गिरक्या मारायला लागला तर काय घ्या. नणंद म्हणाली, "मी बसतो. बैल हाकतो, मंग घोड्याले काय भ्याचं?" आणि ती बसली. चंद्रकोर लावलेली, पाठ ताठ, नजर समोर. ज्या बायका तिच्याकडे बघून नुसत्या हसायच्या, त्यांनी त्या दिवशी दारात पाट मांडून, घोड्याच्या पायावर पाणी घालून तिला ओवाळलं. लेकरं तिच्या पायावर डोकं ठेवायला पुढे केली. मिरवणूक संपल्यावरही चार-आठ दिवस ती शेतातून येताना वेगळीच चालायची. मी तिला चिडवायची, "मासाहेब, भांडे घासायचे हायेत." ती म्हणायची, "आमच्या राज्यात भांडे वहिनी घासते." आणि उठून स्वतःच घासायची.

वर्षभरातला तो एक दिवस तिचा होता. हे मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही. सगळ्यात जास्त मलाच माहीत होतं.

आता मी माझ्याबद्दल सांगते. दर वर्षी तो पोशाख तिला नेसवताना मला तिचा हेवा वाटायचा. निरी मी बसवलेली, काठ मी जुळवलेला, चंद्रकोर मी काढलेली, आणि ओवाळणी तिची. मी गर्दीत मागून चालायची, पिशवीत सुईदोरा घेऊन, कोणाचा बंद तुटला तर लावायला. मी हे कधी कोणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. पण घरी कोणी नसताना मी ती चोळी अंगाला लावून आरशात पाहिली आहे, एकदा नाही, अनेकदा.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर मंडळाचे तिघे दुपारी घरी आले. नणंद हरभऱ्यात गेली होती. मी चहा ठेवला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांच्यातला मोठा म्हणाला, "वहिनी, यंदा मासाहेब बदलाव म्हनतो."

"काहून?"

"आता मिरवणूक मोठी झाली. बाहेरचे पाहुणे येतात. काही बायाईनं कुजबूज केली का, मासाहेबाच्या जागी नवऱ्यानं सोडलेली बाई बसते, ते बरं नाही दिसत. आमचं काही म्हननं नाही. पन लोकाईचं तोंड कोन धरन?"

त्याचं उत्तर माझ्या ओठावर होतं. खुद्द मासाहेब लहानग्या महाराजांना घेऊन नवऱ्यापासून दूर पुण्याला राहिल्या, तिथंच त्यांनी लेकराला घडवलं. आमच्या गावातलं शाळकरी पोरगंही हे भाषणात घडाघडा म्हणून दाखवतं. एवढं बोलले असते तर तिघांचेही चहा घशात अडकले असते. त्या वेळी सुचलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. सुचलं होतं. मी ते गिळलं, कारण त्याच वेळी दुसरा म्हणाला, "दुसरं कोनी कायले शोधाचं, वहिनीच बसतीन ना. उंची हाये, चेहरा हाये."

मी म्हणाले, "बघू."

इतक्या लवकर म्हणाले की त्यांनाही नवल वाटलं असेल. ते हसत उठले. मी कप विसळले, आणि विसळताना मी चक्क गाणं गुणगुणत होते. ही गोष्ट लिहायला मला फार जड जाते.

संध्याकाळी नणंद आली. हरभऱ्याची आंब, म्हणजे पाल्यावरचा आंबट खार, लागून तिच्या बोटांच्या चिरा झोंबत होत्या, म्हणून ती हातावर पाणी घेत राहिली. मग पदराला हात पुसून माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि दोन्ही हात बाजूला पसरले.

"घ्या वहिनी माप. यंदा मी जराशी वाळली. मागच्या वर्षीची चोळी ढिली होईन."

तेव्हा सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी टेप उचलली. छाती, कंबर, मुंढा, बाही, सगळी मापं घेतली. दर वर्षीसारखी मोठ्यानं बोलून घेतली. ती मान वळवून म्हणाली, "पाहा, वाळली ना?" मी म्हटलं, "व्हय, उन्हात फिरून फिरून." तिच्या अंगाला आंबट वास येत होता आणि टेप माझ्या हातात घामानं ओली झाली होती. ज्या कपड्यात ती बसणार नव्हती, त्या कपड्याचं माप मी तिच्या अंगावरून घेतलं. नंतर कापड पसरून खडूनं आखलं ते माझ्या मापानं.

मला वाटलं होतं, उद्या सांगू. मग वाटलं, कापणं झालं की सांगू. एकदा कापड कापलं की मागे फिरता येत नाही, तेव्हा सांगायला बरं पडेल. काय ही माझी अक्कल! कापून झालं, शिवायला घेतलं, तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आणि ती मात्र जेवणं झाली की माझ्याजवळ येऊन बसायची. "तुमी एकट्या किती कराल," म्हणत काठाची तुरपाई तिनं हातात घेतली. माझ्या मापाच्या नऊवारीचा काठ तिनं बारीक, एकसारख्या टाक्यांनी शिवला. एकदा ती उभी राहून नऊवारी कमरेला लावून म्हणाली, "वहिनी, लांब झाली वाटते हो."

मी मशीनवरची नजर न काढता म्हणाले, "घोड्यावर बसल्यावर वर चढते. राहू द्या."

"तेबी खरं हाये," म्हणाली आणि पुन्हा टाके घालायला बसली.

तिला कळलं ते बसस्टँडवर. मंडळानं माझ्याकडून फोटो मागून नेला होता आणि मिरवणुकीचा बॅनर लावला होता. त्यात मासाहेबांच्या भूमिकेत म्हणून माझा चेहरा. फोटो देतानाही मी विचार केला नव्हता की तो बॅनर रस्त्यावर लागेल आणि आठवडी बाजारातून येणारी प्रत्येक बाई त्याच्याखालून चालत येईल. की केला होता? मला आता नक्की सांगता येत नाही. कदाचित बॅनरनंच सांगून टाकावं, आपल्यावर वेळ येऊ नये, असं मला वाटलं असेल.

ती घरी आली. भाजीची पिशवी ठेवली. मी मशीनवरच होते, पण पाय थांबले होते.

"पाह्यलं मी," ती म्हणाली.

ती माझ्याजवळ बसली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नीट होता.

"मले काढलं त्याईनं. काहून काढलं तेबी समजलं, मी काही लहान पोरगी नाही. पन वहिनी, तुमी भांडल्या असान. मले माहीत हाये तुमचा सभाव. मावळ्याच्या घड्याळासाठी भांडता तुमी, मंग माह्यासाठी किती भांडल्या असान. नाही आयकलं त्याईनं, म्हनून तुमी सोता बसल्या. घरातल्या घरात राह्यलं. दुसरी कोनी बसली असती तं मले पाह्यलं नसतं गेलं."

मी मान खाली घातली. तिला वाटलं, हरल्याचं दुःख. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझी समजूत ती काढत होती! आणि मी ती काढू दिली.

मिरवणुकीच्या दिवशी मला तयार तिनंच केलं. पिना लावल्या, शेला बसवला, कपाळावर चंद्रकोर काढली, मागे होऊन पाहिलं आणि पुसून पुन्हा काढली, कारण मनासारखी आली नव्हती. घोड्यावर कसं बसायचं तेही तिनंच शिकवलं. "मांड्या आवळून धरा. डीजे लागला का हा नाचते, तवा लगाम ओढू नका, त्याच्या मानेवर हात ठेवा." मी चढायला कचरले तेव्हा म्हणाली, "मी हावो ना बाजूले." आणि ती खरंच घोड्याच्या बाजूनं, रिकिबीतला माझा पाय धरून, अख्खी मिरवणूक चालली.

आणि मी? मी सुखात होते. खोटं कशाला सांगू. वरून गाव वेगळंच दिसतं. माणसांचे चेहरे वर तुमच्याकडे वळलेले असतात. बायका ओवाळत होत्या, लेकरं पायाशी आणत होत्या, कोणीतरी गच्चीवरून फुलं टाकली. माझी निरी, माझा काठ, आणि या वेळी ओवाळणीही माझी. त्या सगळ्या वेळात मला नणंदेची आठवणसुद्धा झाली नाही, आणि तिच्या हाताची पकड माझ्या घोट्यावर होती. ओवाळायला आलेल्या एका बाईनं तिला "जरा बाजूले सरका ना" म्हटलं. ती पाय न सोडता जेवढं सरकता येईल तेवढी सरकली. हे मी वरून पाहिलं होतं. आठवलं मात्र घरी आल्यावर, नऊवारी सोडताना.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते मलाच माहीत. ती गावभर सांगत सुटली. पिठाच्या गिरणीवर, नळावर, निंदणाच्या बायांमध्ये, "माह्या वहिनीनं मंडळाशी लय भांडन केलं माह्यासाठी. सख्खी बहीन नाही करत." बायका माझ्याकडे आदरानं पाहायच्या. मंडळातल्या त्या तिघांपैकी कोणी समोर आला की मी रस्ता बदलायची, न जाणो हा सहज बोलून गेला तर. घरात ती पहिला चहा मला द्यायची. भाकरी करताना टम्म फुगलेली माझ्या ताटात टाकायची. ती जितकी चांगली वागे तितकी मी तिच्यावर खेकसायची. डाळीत मीठ जास्त झालं म्हणून एकदा मी तिला असं काही बोलले की नवराही चमकला. तो आमच्या दोघींच्या मध्ये कधी पडत नाही, पण त्या दिवशी म्हणाला, "ते तं तुही एवढी तारीफ करून राह्यली, अन् तू तिले अशी बोलतं?" मी ताट तसंच ठेवून उठले.

म्हणून या वर्षी मंडळाचे लोक आले तेव्हा मी ठरवूनच बसले होते. त्यांनी विषय काढायच्या आत म्हणाले, "यंदा मासाहेब माही नणंदच बसन. ते नसन बसत तं मी एक टाका घालनार नाही."

मोठा हसला. त्याला गंमत वाटली. "गेल्या साली तं तुमी काही बोल्ल्या नाही वहिनी."

"गेल्या साली चुकली. यंदा बोलतो." आणि मग मी ते पुण्याचं सगळं बोलले, जे मी वर्षभरापूर्वी गिळलं होतं. आवाज चढला. बोलता बोलता मी त्याला, तुमच्या बायकोलाच विचारा कुजबूज कोणी केली, असंही म्हणाले. ते नको होतं. त्याचा चेहरा बदलला. "मासाहेबाशी बरोबरी करून राह्यल्या तुमी? तुमच्या नणंदेची?" म्हणत तो चहा न घेता उठला. दोनच दिवसांत कळलं, यंदा सगळे पोशाख अकोल्याहून भाड्यानं येणार. मासाहेब म्हणून कॉलेजातली एक मुलगी ठरली. चोळीला चेन असणार, हे सांगायला नको. नणंदेची जागा आता कायमची गेली, माझं शिवणही गेलं.

तरी मला हलकं वाटत होतं. उशिरा का होईना, भांडले तर खरी. मी मागच्या अंगणात गेले. ती सुपात तूर पाखडत होती. मी तिला सगळं सांगितलं, कोण काय म्हणालं, मी काय म्हणाले, तो चहा न घेता कसा गेला. मला वाटलं, ती खूश होईल. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "कायले गेल्या वहिनी पुन्हा? एकदा भांडल्या होत्या ना तुमी माह्यासाठी. तेवढं मले जन्मभर पुरलं असतं. आता तुमचं शिवनबी गेलं ना!"

मग मात्र मला राहवलं नाही. मी तिच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. गेल्या वर्षी मी भांडले नव्हते. एक शब्दही बोलले नव्हते. मला स्वतःला बसायचं होतं. तुमचं माप घेतलं तेव्हा मला सगळं माहीत होतं.

बोलताना माझं मन मोकळं होत होतं, आणि तिच्या हातातलं सूप हळूहळू खाली आलं. तूर मातीत सांडली. ती चिडेल, रडेल, शिव्या देईल, असं मला वाटत होतं, आणि मी त्यासाठी तयार होते. तिनं तसं काहीच केलं नाही. ती सांडलेले दाणे गोळा करायला लागली. मग माझ्याकडे पाहून, खरंच विचारावं तसं तिनं विचारलं,

"म्हंजे तवा माह्या बाजूनं कोनीच नाही बोललं?"